पहिली ‘अ’च्या कमलाक्का

कमलाक्का जगतापांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. शाळा सुरू होण्याचा तो पहिला दिवस होता. बाकं भिंतीला सरकवलेली होती. वर्गात पन्नासएक मुलं होती आणि त्यांतली निम्मी तरी रडत होती. कुणी दाराशी, कुणी खिडकीचे गज धरून, एक जण तर पालथा पडून. अक्का कुणालाही ‘रडू नको’ म्हणत नव्हत्या. त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर शेंगांचा ढीग होता आणि घरी चार पाहुणे यायचे असावेत अशा घाईनं त्या शेंगा फोडत होत्या.

एक मुलगी हुंदके देता देता थांबली, जवळ आली, बघत राहिली. मग खाली बसून तिनं एक शेंग उचलली. ती तिला फुटेना. अक्कांनी शेंगेचं टोक कुठं दाबायचं ते दाखवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. छोट्या सुट्टीपर्यंत ढिगाभोवती दाटी झाली होती आणि रडणारी चार-पाचच उरली होती. मी, नवी शिक्षिका, मागे उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मूठभर शेंगा पुढं केल्या.

“तूही फोड. रडणाऱ्याचे हात रिकामे ठेवू नयेत.”

मी रडत नव्हते. पण लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला येऊन मला थोडेच दिवस झाले होते, नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत दिवसभर असायचा आणि मल्लेश्वरममधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी असायचे. ते त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असावं. मी बसून शेंगा फोडल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला पहिली ‘ब’ मिळाली. अक्कांच्या आणि माझ्या वर्गात फक्त एक लाकडी पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. वर सिमेंटचे पत्रे, समोर बसचा रस्ता. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मुलं कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मारवाडी, क्वचित मराठी बोलणारी. अक्का मराठीच होत्या, पण त्यांचं मराठी ऐकून मी प्रथम गोंधळले. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, येते’ असं कन्नड मिसळून त्या सहज म्हणायच्या आणि वाक्याच्या शेवटी एक ‘की’ लटकवायच्या. तुम्ही मूळच्या कुठल्या, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “मूळ काय की बाई, झाड आहे का मी?” मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, “आमचे लोक इथं घोड्यावरून आले, तुम्ही रेल्वेनं आलात. एवढाच फरक, की.”

त्या ठेंगण्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, छोटा गजरा. खांद्याला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात धुऊन घडी केलेल्या लहान मुलांच्या चड्ड्या असायच्या, तीन-चार मापांच्या. जूनमध्ये त्या रोज लागायच्या. मूल ओलं झालं की अक्का त्याला न बोलता बाहेर न्यायच्या आणि परत आणताना त्याच्या हातात एखादी वस्तू द्यायच्या, डस्टर किंवा हजेरीपट. म्हणजे वर्गाला वाटावं, हा काहीतरी आणायला गेला होता.

पाणी हवं, पोट दुखतं, बाहेर जायचंय आणि आई पाहिजे, एवढं त्यांना वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या भाषेत येत होतं. नवी भाषा बोलणारं मूल आलं की त्या पहिल्याच दिवशी त्याच्या आईला फाटकाशी गाठून हे शब्द शिकून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की मूल घाबरलं की त्याचं इंग्रजी सगळ्यांत आधी पळून जातं.

शाळेकडून आम्हाला खडूंचा खोका, डस्टर आणि हजेरीपट मिळायचा. बाकीचं ज्यानं त्यानं बघायचं. अक्का येता-जाता रस्त्यावरून सोड्याच्या बाटल्यांची बुचं, आइस्क्रीमच्या काड्या, बसची तिकिटं उचलायच्या. आठव्या क्रॉस रस्त्याजवळच्या छापखान्यातून रंगीत कागदांच्या कापलेल्या पट्ट्या आणायच्या. लग्नसराई संपली की ओळखीच्या घरांतून जुन्या पत्रिका गोळा करायच्या. हे सगळं पत्र्याच्या डब्यांत लावलेलं असायचं आणि बेरजा, अक्षरं, आकार, सगळं त्यातूनच निघायचं. मात्र ते डबे त्या कुणाला द्यायच्या नाहीत. एकदा मी कात्री मागितली तर त्यांनी शांतपणे सांगितलं, “नक्को. कात्री गेली की मैत्री जाते.” स्टाफरूममधले खडू मात्र त्या सगळ्यांच्या देखत मूठ भरून न्यायच्या. रागही त्यांना पटकन यायचा. पण तो मोठ्या माणसांवरच निघायचा.

आणि त्यांचा आवाज. तो मोठा नव्हता, पण लांब जायचा. रस्त्यावरून बस जात असली तरी तिच्या आवाजाखालून तो नीट सरकत यायचा. गोष्ट सांगताना त्यात म्हातारी, कोल्हा, पाण्याचा हंडा, सगळे वेगवेगळे ऐकू यायचे. पार्टिशनपलीकडून त्यांनी ‘सिट’ म्हटलं की माझा वर्गसुद्धा बसायचा. मी नवखी होते, माझ्या मुलांना माझा धाक नव्हता. पहिली दोन वर्षं माझा वर्गही निम्मा त्यांच्याच आवाजावर चालला, असं म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर तो आवाज बसायला लागला. पन्नास मुलं, पत्र्याचं छत, रस्ता आणि खडूची धूळ यांत घसा बसणं आम्हाला नवीन नव्हतं. अक्का ज्येष्ठमधाची काडी चघळायच्या, मिऱ्यांचा काढा प्यायच्या आणि अधिकच जोर लावून बोलायच्या. दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्यांनी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मुलांना वाटलं, मिस गंमत करतायत. ती हसायला लागली.

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी झाल्यात. दसऱ्याच्या सुट्टीत लहानसं ऑपरेशन झालं. त्यानंतर संक्रांतीपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानं घशाला जास्तच ताण पडतो. अक्कांनी कागदावर लिहून विचारलं, की न बोलता शाळेत गेलं तर चालेल का. डॉक्टर हसले आणि म्हणाले, न बोलता पहिलीच्या वर्गात राहता येत असेल तर खुशाल जा. ते चेष्टेनं म्हणाले होते. अक्कांनी ते खरं धरलं.

मुख्याध्यापिकांनी त्यांना दोन वाटा सांगितल्या. रजा घ्या, नाहीतर लायब्ररीत बसा. वर्गावर कुणी तरुण शिक्षिका येईल. यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण अक्कांनी लिहिलं, की पहिलीतलं मूल दसऱ्यापर्यंत बाईंचा चेहरा शिकतं. आता चेहरा बदलला तर त्याचं वर्ष गेलं. हे खरं होतं. त्यामागं दुसरीही एक गोष्ट होती, ती त्यांनी लिहिली नाही. एकदा वर्गाबाहेर पडलेल्या शिक्षिकेला परत वर्ग मिळत नाही, हे आम्ही सगळ्याच जाणून होतो. शेवटी नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू, त्यानंतर ठरवू, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस वाईट गेला. अक्का गळ्यात पाटी अडकवून आल्या होत्या. थोडा वेळ मुलं कुतूहलानं शांत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की मिसना ओरडता येत नाही. पार्टिशनपलीकडून मला बाकं सरकल्याचे आवाज, धावपळ, हसणं ऐकू येत होतं. मध्येच पार्टिशनवर हातानं जोरजोरात थापा पडल्या. मी धावत गेले. मंजुनाथ नावाचा अतिशय चपळ मुलगा बाकावरून उडी मारताना पडला होता आणि त्याची हनुवटी फुटली होती. अक्का त्याला मांडीवर घेऊन पदरानं जखम दाबून बसल्या होत्या. शिपायाला हाक मारणंही त्यांच्या हातात नव्हतं. त्याला टाके पडले. मुख्याध्यापिका येऊन वर्ग बघून गेल्या.

शाळा सुटल्यावर मी अक्कांच्या वर्गात गेले. त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, उद्यापासून रजा घ्या. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. ते कन्नडमध्ये होतं. मी म्हटलं, मला कन्नड वाचता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि पाटी तशीच धरून ठेवली.

मग माझ्या लक्षात आलं, की लिपी कन्नड आहे, पण शब्द मराठी असणार. त्यांच्या घरात मराठी बोलायचे, लिहायचे मात्र कन्नड अक्षरांत. देवनागरी त्यांच्या हातात नव्हती आणि आम्हा दोघींत इंग्रजी लिहिणं त्यांना पटत नसावं. बसच्या पाट्या बघून मला काही अक्षरं ओळखीची झाली होती. मी एकेक अक्षर लावायला लागले. मध्येच अडले. त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण सांगत नव्हत्या. मला जरा राग आला, मग लाज वाटली, मग एकदम अक्षर लागलं.

“उद्या... पण... येणार,” मी वाचलं.

अक्कांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं. तेही मी तसंच ठेचकाळत वाचलं. लिहिलं होतं: ‘तोंड असतं तर मी सांगून टाकलं असतं. तू वाचलं नसतंस.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्ग वेगळ्या रीतीनं चालवायला घेतला. सकाळी त्या दारात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक मुलाचा हात हातात घेऊन त्याला आत सोडायच्या. त्या स्पर्शातूनच त्यांना कोण तापलंय, कोण भांडून आलंय ते कळायचं. फळ्यावर त्या इंग्रजीत एक वाक्य लिहायच्या, ‘पाट्या काढा’ किंवा ‘दोन-दोन जण बसा’, आणि बाजूला उभ्या राहायच्या. आधी त्या लिहिता लिहिता वाचूनही दाखवायच्या, त्यामुळं फळ्याकडं बघायचं मुलांना कारणच नसायचं. आता कुणीतरी अंदाजानं काहीतरी म्हणायचं. अक्का मान हलवायच्या. दुसरं कुणी म्हणायचं. पुन्हा नाही. हे थांबणं इतकं लांबायचं, की पार्टिशनपलीकडं मला अस्वस्थ व्हायला व्हायचं. चटकन ओळखणाऱ्या मुलांना त्या तळहात दाखवून थांबवायच्या. मग मागच्या बाकावरून, ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, अशी मुलं हळूहळू बोलायला लागली.

हे काही दिवसांत घडलं नाही. आठवडे लागले. मध्ये काही दिवस पुन्हा पहिल्या दिवसासारखे गेले. शाळाशाळांतून ऐकू येणारं ‘कैकट्टु, बायमुच्चु’, म्हणजे आपल्याकडचं हाताची घडी तोंडावर बोट, अक्कांनी वर्गात कधी म्हणवून घेतलं नव्हतं, आणि आता तर त्यांना म्हणताही आलं नसतं. पण ज्याच्यावर ओरडून बोलावं असा दुसरा आवाजच वर्गात नाही म्हटल्यावर मुलांचाही आवाज उतरत गेला. मंजुनाथ तेवढा शेवटपर्यंत तसाच राहिला. टाके निघाल्यावर त्यानं पुन्हा त्याच बाकावरून उडी मारली.

अक्कांना सगळ्यात कठीण गेली ती दर शुक्रवारी मुलांना सांगायची गोष्ट. ती त्यांना सांगता येईना. मग असं ठरलं, की मी माझ्या वर्गात उभी राहून मोठ्यानं गोष्ट सांगायची आणि दोन्ही वर्गांनी ऐकायची. मी गोष्ट वाईट सांगते. पार्टिशनच्या फटीतून अक्का हातवारे करायच्या, हळू, अजून हळू, आता थांब. माझी म्हातारी आणि माझा कोल्हा एकाच आवाजात बोलायचे. एकदा मी फटीतून बघितलं तर अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

नोव्हेंबरात पालकांची तक्रार आली. नुकतेच मुंबईहून आलेले एक गृहस्थ चार-पाच पालकांना घेऊन मुख्याध्यापिकांकडं गेले. आमच्या मुलांनी इंग्रजी बोलायला शिकावं म्हणून आम्ही त्यांना इथं घातलं, मुकी बाई काय शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. अक्कांना बोलावलं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, की कृपा करून एक दिवस वर्गात येऊन बसा.

बाकीचे आले नाहीत. ते गृहस्थ आले, टाय लावून. त्यांची मुलगी फळ्यावरचं वाक्य वाचायला उठली आणि एका शब्दावर अडली. वडील मागून तो शब्द मोठ्यानं सांगून मोकळे झाले. सगळा वर्ग वळून त्यांच्याकडं बघायला लागला. अक्कांनी डस्टर घेतलं, ते वाक्य पुसलं, दुसरं लिहिलं आणि मुलीकडं बघत उभ्या राहिल्या. ती पुन्हा अडली. वडील पुढं झुकले, पण या वेळी गप्प राहिले. मुलीनं शब्द तोडून तोडून वाचला. त्या गृहस्थांनी तक्रार मागे घेतली नाही, पण पुन्हा केलीही नाही. नाताळनंतर वर्ग अक्कांकडंच राहिला.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. अक्का वर्गात आल्या आणि त्यांनी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटणारा आवाज. एक मुलगी घाबरून रडायला लागली. मंजुनाथ उभा राहून म्हणाला, “मातु बेडा, मिस.” बोलू नका, मिस. अक्का हसल्या, आणि हसण्याचाही आवाज तसाच फाटका आला.

जुना आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आहे तो जपून वापरला तर टिकेल. त्या वर्षी अक्कांची मुलं वाचनात पुढं होती आणि पाढ्यांत कच्ची, कारण पाढे म्हणून घ्यायला तोंड लागतं. अक्कांनी ते लपवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी फार बोलत होते, की. पोरांच्या वाट्याचंही मीच बोलत होते.”

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी तो आवाज फक्त वर्गासाठी ठेवला. स्टाफरूममध्ये खुणा, बाजारात बोटं, लग्नकार्यात नमस्कार. गुरुवारच्या भजनाला जाणंही सोडलं. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते. दर रविवारी अंगणात बसून ते जुन्या पात्यानं अक्कांच्या वर्गाच्या पेन्सिलींना टोकं काढायचे. अक्का आत कॉफी करत होत्या. त्यांनी पाटी पुढं करून मला साखर किती, ते विचारलं. अण्णांनी ते बघितलं आणि हळूच मला म्हणाले, “घरी पाटी, शाळेत आवाज. मी पहिलीत असतो तर बरं झालं असतं, की.” विनोद म्हणून ते म्हणाले, पण हसले नाहीत. रात्री जेवताना शाळेत काय काय झालं ते सांगायची अक्कांना सवय होती आणि ते ऐकत कारखान्यातला दिवस मागे टाकायची अण्णांना. ते सगळं बंद झालं होतं. मी अक्कांना हे एकदा बोलले. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीही वर्गात त्या तेवढ्याच बोलल्या, घरी तेवढ्याच गप्प राहिल्या. याबाबत त्या बरोबर होत्या असं मी म्हणू शकत नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मीही शाळा सोडत होते, कारण आम्ही के. आर. पुरमला घर घेतलं होतं आणि तिथून रोज येणं शक्य नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमात अक्का भाषणाला उभ्या राहिल्या नाहीत. नमस्कार करून खाली बसल्या.

पुढं वर्षभरानं काही खरेदीसाठी मी मल्लेश्वरमला गेले होते. परतीच्या बसची वाट बघत असताना रस्त्यापलीकडच्या देवळाच्या पायऱ्यांवर मला अक्का दिसल्या. शेजारी अण्णा बसले होते. अक्का बोलत होत्या. दोन्ही हात हवेत उडवून, मान वळवून, मध्येच कुणाची तरी नक्कल करत त्या सारख्या बोलत होत्या. रस्त्यावरच्या वाहतुकीत त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. अण्णा एका बाजूला इतके झुकले होते, की त्यांचा कान जवळजवळ अक्कांच्या तोंडाशी लागला होता. मी हाक मारणार होते, रस्ता ओलांडायला पुढंही झाले. तेवढ्यात अक्कांचा आवाज गेला असावा. त्या थांबल्या, गळ्यावर हात ठेवून त्यांनी दोनदा खाकरून बघितलं. अण्णांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि पुन्हा तसेच कान लावून वाट बघत राहिले. अक्का पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पुढं सांगायला लागल्या.

माझी बस आली. मी हाक न मारता चढले.